माळावरचा बोटिंगचा तलाव: मिरगाआधी मातीचा बांध तपासायचाय

माळरान७२ · ९ मे, सकाळी १०.४०

नमस्कार मंडळी. बालाघाटच्या उतारावर एका कृषी पर्यटन केंद्राचा खासगी तलाव आहे. पाणी शेतीला जात नाही. बोटिंग, गळाने मासे धरणं आणि काठावर मुक्काम, एवढाच उपयोग. मिरगाला महिना राहिलाय, त्याआधी बांध नीट बघून घ्यायचाय. मोजमाप देतो.

बांध २०११ चा. नाल्याच्या तळापासून उंची ६.५ मीटर, लांबी ११० मीटर, माथा ३.२ मीटर रुंद. पाण्याकडचा उतार अडीचास एक (अडीच मीटर आडवं गेलं की एक मीटर चढ), बाहेरचा दोनास एक. आत काळी माती, बाहेरून मुरूम. भरल्यावर पाण्याचा पसारा साडेतीन हेक्टर, साठा अंदाजे ६० ते ६५ हजार घनमीटर. वरचं पाणलोट ६० हेक्टर, निम्मा माळ, निम्मं काळं रान. सांडवा (जादा पाणी बाहेर जायची वाट) डाव्या अंगाला, ६ मीटर रुंद, त्याचा तळ माथ्यापासून १.१ मीटर खाली. बांधाच्या पोटातून ६ इंची पीव्हीसी पाइप गेलाय, व्हॉल्व्ह बाहेरच्या टोकाला.

आज पाणी निम्म्यावर आहे. माथ्यावर भेगा, काहींत चार बोटं जातात. पाइपच्या तोंडाशी जमीन बारमाही ओली. जुन्या नाल्यात पायथ्याला पाझर आहे, २० लिटरची बादली ५० सेकंदांत भरते, पाणी नितळ. सांडव्यात वाळूच्या गोण्यांचे दोन थर (४० सेंमी) लावलेत, म्हणजे तेवढं पाणी जास्त थांबतं. मासे निघून जाऊ नयेत म्हणून पुढे बारीक लोखंडी जाळी. तंबू बांधाच्या खाली २०० मीटरवर, नाल्याकाठच्या सावलीत.

सुरुवात कुठून करावी?

पाटकरी · ९ मे, ११.१५

तंबूंपासून. बाकीचं नंतर वाचा.

पाटकरी · ९ मे, दुपारी १२.०५

आता कारण सांगतो. असा बांध पाणी वरून जाऊन फुटला तर एकदम किती पाणी सुटेल, याचा ढोबळ हिशेब साठा आणि पाण्याची उंची यांवरून निघतो. माथ्यापर्यंत तुंबलेलं ८०-८५ हजार घनमीटर पाणी आणि सहा मीटरच्या वर उंची धरली तर लोंढा १५० क्युमेकच्या (सेकंदाला घनमीटर) पुढे जातो. तुमच्या नाल्याला मोठ्यातल्या मोठ्या पुरात १०-१२ क्युमेक येत असेल. म्हणजे नाल्याच्या काठाने आजवर जी पूररेषा पाहिलीय, तिचा इथे काही उपयोग नाही. २०० मीटर अंतर पार करायला त्या पाण्याला मिनिटभर लागेल. हाकेचा सुद्धा वेळ नाही.

तंबू बाजूच्या टेकाडावर, निदान बांधाच्या माथ्याच्या पातळीला न्या. सावली नाही म्हणून कुरकुर होईल, शेडनेट ताणा. आणि फक्त तंबूच नाही: नाल्याने खाली दोन किलोमीटर चालत जा, कुठली वस्ती, आखाडा, विहिरीवरची मोटार, रस्त्याची फरशी लागते ते लिहून ठेवा. प्रत्येक घरातल्या दोघांचे फोन नंबर घ्या.

सांडवामोकळा · ९ मे, दुपारी ३.३०

दादा, मोजमाप देऊन विचारलंत, बरं केलंत. नाहीतर बहुतेक जण फोटो टाकून "चालेल का" विचारतात.

मातीचे बांध फुटायची दोनच मोठी कारणं: पाणी वरून जाणं आणि पाणी पोटातून माती घेऊन जाणं. पहिल्याचा हिशेब करू.

६० हेक्टरचं पाणलोट छोटं असतं, वरचं पाणी १५-२० मिनिटांत खाली पोहोचतं. तेवढ्या वेळापुरता पावसाचा जोर ताशी १०० मिमी धरणं वावगं नाही. भिजून चिंब झालेलं काळं रान फारसं पाणी पीत नाही, म्हणून ०.७ गुणांक, म्हणजे पडलेल्यातलं ७० टक्के वाहणार असं धरलं. ०.७ × १०० × ६० भागिले ३६० = ११.७. धरा १२ क्युमेक.

आता सांडवा. मातीच्या सपाट तळाच्या सांडव्यावरून दर मीटर रुंदीला १.५ गुणिले पाण्याच्या उंचीचा दीड घात, एवढं पाणी जातं. तुमच्या ६ मीटरमधून पाणी अगदी माथ्याला टेकेपर्यंत (१.१ मीटर) १०.४ क्युमेक जाईल. म्हणजे गोण्या नसतानाही १२ क्युमेक आले तर पाणी माथ्यावरून जायला लागतं. गोण्यांनी ४० सेंमी खाल्ले की उरली ०.७ मीटर उंची: ५.३ क्युमेक. क्षमता निम्मी. त्यात जाळीला काडीकचरा, सोयाबीनचा भुसा, बेशरमाच्या फांद्या अडकून ती अर्धी बुजली की अडीचच्या आसपास. वर १२ यायलेत आणि दार अडीचचं!

गोण्या आजच काढा. जाळी पण.

गोदाकाठ · ९ मे, सायंकाळी ५.५०

सांडवामोकळा, हिशेब बरोबर, पण तलाव स्वतःच्या पोटात घेतो ते तुम्ही धरलं नाही. साडेतीन हेक्टरवर ६० सेंमी पाणी चढलं की २१ हजार घनमीटर तात्पुरतं मावतं. तासाभराची एक सर तलाव बऱ्यापैकी पचवतो. १२ आत आले म्हणजे १२ बाहेर गेलेच पाहिजेत असं नाही.

सांडवामोकळा · ९ मे, सायंकाळी ६.३५

मान्य. एका सरीपुरतं मान्य. पण आपल्याकडे तलाव भरतो कधी? जून-जुलैत मराठवाड्यात नुसती भुरभुर, धो धो पडतो तो सप्टेंबरात, आणि एकावर एक. २४ तासांत ६५ मिमी झाला की महसूल मंडळात अतिवृष्टीची नोंद होते. ६० हेक्टरवर ६५ मिमी म्हणजे ३९ हजार घनमीटर, त्यातलं ७० टक्के वाहिलं तरी २७ हजार. पहिल्या सरीने तुमचे २१ हजार भरले, ६ मीटरच्या सांडव्यातून ते उतरायला काही तास लागतात, आणि दुसरी सर मध्यरात्री आली तर पोटात जागाच नाही. नव्याने बांधताना तलावाचं पचवणं हिशेबात घ्यायला हरकत नाही. आहे त्या अरुंद सांडव्याचं समर्थन म्हणून घेऊ नये.

बोटक्लबवाला · ९ मे, रात्री ८.१०

गोण्यांमागची अडचण पण समजून घ्या राव. हंगाम दिवाळी ते फेब्रुवारी. तेव्हा जेटीपाशी पाणी नसेल तर बोटी चिखलात. पावसाळ्यात गोण्या काढून ठेवायच्या आणि पोळा झाल्यावर लावायच्या, हे चालणार नाही का? आला पोळा, पाऊस झाला भोळा.

सांडवामोकळा · ९ मे, रात्री ९.००

ती म्हण पेरणीवाल्यांची आहे, बांधवाल्यांची नाही. २०२१ मध्ये पोळा ६ सप्टेंबरला झाला आणि गुलाब चक्रीवादळाचा पाऊस २७-२८ सप्टेंबरला मराठवाड्यावर कोसळला, पोळ्यानंतर तीन आठवड्यांनी. २०२५ चा पोळा ऑगस्टमध्येच झाला होता, आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात परंडा-भूम भागात लोकांना पाण्यातून बाहेर काढावं लागलं. म्हणजे ज्या महिन्यात तुम्ही गोण्या लावणार, त्याच महिन्यात सांडव्याला खरं काम असतं.

जेटी तरंगती करा. बंद प्लॅस्टिक पिंपांवर लोखंडी फ्रेम, काठाला बिजागरी लावलेला पूल. पाणी मीटरभर उतरलं तरी ती पाण्याबरोबर उतरते. पाण्याला जेटीपर्यंत चढवण्यापेक्षा जेटीला पाण्यापर्यंत उतरवणं स्वस्त.

आता सांडवा कायमचा सुधारायचा तर: रुंदी १८ मीटर केली की १२ क्युमेकला पाण्याची उंची ६० सेंमीच्या आत बसते. त्यावर कोरडी उंची ९० सेंमी हवी, म्हणजे सांडव्याचा तळ माथ्यापासून १.५ मीटर खाली. तुमचा १.१ आहे. म्हणून तळ ४० सेंमी उतरवा. बांध ४० सेंमी चढवायचा मोह होईल, पण नुसती माती वर टाकली तर अडीचास एक आणि दोनास एक या उतारांत माथा ३.२ वरून १.४ मीटरवर येतो. माथा राखायचा तर बाहेरचा सगळा उतार पायथ्यापासून जाड करावा लागतो, आणि तो खर्च वेगळाच. ४० सेंमीने सुमारे १४ हजार घनमीटर पाणी जाईल. जाऊ द्या.

रुंदीकरण मूळ जमिनीत, डोंगराच्या अंगाला करा. भरावात एक इंच सुद्धा नाही. तळाला कठीण मुरूम लागला तर उत्तम. सांडव्याच्या तोंडाशी आडवी काँक्रीटची उंबरठा-भिंत घाला, ३० सेंमी जाड, ९० सेंमी खोल, वरची कड लेव्हल मशीनने तपासून एका पातळीत. नाहीतर खालून घळ मागे सरकत येते आणि एका पावसात तळ मीटरभर खोल होतो. पुढचा चर बांधाच्या पायथ्यापासून निदान १५ मीटर दूर ठेवून नाल्याला मिळवा. सांडव्यातून सुटलेलं पाणी वळून बांधाच्या पायथ्याची माती चाटतं, हे लई ठिकाणी दिसतं.

जाळीचं म्हणाल तर मासे जातील थोडे. बीज पुन्हा सोडता येतं.

काळीकसदार · १० मे, सकाळी ७.२०

भेगांवर लिहितो. काळी माती उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे भेग दिसली म्हणून घाबरायचं नाही. कुठली भेग आहे ते ओळखायचं.

नकाशासारख्या एकमेकींत गुंतलेल्या, वीतभर खोल भेगा: सुकण्याच्या. माथ्यावरून बांधाच्या लांबीत धावणारी, टोकाला चंद्रकोरीसारखी वळलेली, आणि एक बाजू दुसरीपेक्षा दोन-चार सेंमी खचलेली: उतार घसरायला लागल्याची खूण. तिला हात लावण्याआधी इंजिनिअर बोलवा. आणि पाण्याकडून बाहेरच्या बाजूला, बांध कापत जाणारी: ही सगळ्यांत वाईट, कारण पाणी चढलं की तिच्यातून सरळ वाट मिळते. ती बहुतेक तीन जागी सापडते. बांध डोंगराला मिळतो तिथे, जुन्या नाल्याच्या काठावर आणि पाइपच्या बरोबर वर. या तिन्ही ठिकाणी भरावाची जाडी एकदम बदलते, जाड भाग जास्त बसतो, पातळ कमी, मधे चीर.

खोली कशी मोजायची: काठी घालून कळत नाही, भेग वाकडी जाते. बादलीत पातळ चुना कालवा, दुधाइतका, आणि भेगेत ओता. दुसऱ्या दिवशी भेगेला आडवा खड्डा घ्या. काळ्या मातीत पांढरी रेघ स्पष्ट दिसते. ती जिथे संपते तिथे भेग संपली. बांध कापणाऱ्या भेगा प्रत्येक मोजा, बाकीच्यांत दर २५ मीटरला एक.

बुजवायची पद्धत: भेगेच्या रेषेत ४५ सेंमी रुंद चर, भेग संपते त्याच्या खाली ३० सेंमीपर्यंत. चराच्या भिंती थोड्या तिरक्या, वर रुंद. आदल्या संध्याकाळी भिंतींवर पाणी शिंपडा. भरायला तीच काळी माती, ढेकळं फोडून, ओल बरोबर करून. ओलीची परीक्षा: तळहातावर मातीची वळी करा, तीन मिलिमीटर जाड होताना जेमतेम तुटायला लागली की ओल बरोबर. हाताला चिकटली तर जास्त, वळीच झाली नाही तर कमी. सुटा थर १५ सेंमी, जंपिंग रॅमरने (माती ठोकायच्या यंत्राने) १० सेंमीपर्यंत ठोकायचा, मग पुढचा. वरून माती लोटून टँकरने पाणी सोडणं म्हणजे पहिल्या उन्हात तीच भेग परत.

शेवटी माथ्यावर ३० सेंमी मुरमाचं पांघरूण, पाण्याकडे थोडा ढाळ देऊन. काळ्या मातीचं ऊन थांबलं की भेगांचं मूळच थांबतं. मुरूम बाहेरून आणणार असाल तर तहसीलमधून गौण खनिजाची परवानगी आणि स्वामित्वधनाची पावती घ्या.

दुपारचंऊन · १० मे, सकाळी ९.४५

शेततळ्याला घालतात तो प्लॅस्टिक कागद आतून टाकला तर पाझर आणि भेगा दोन्ही मिटतील ना?

भरावकाम · १० मे, सकाळी ११.१०

ताई, शेततळं खणलेलं असतं, पाणी जमिनीच्या पातळीखाली. इथे नाला अडवलाय. साडेतीन हेक्टरला कागद घालणं परवडत नाही, आणि नुसत्या बांधाच्या उतारावर घातला तर पाणी कागदाच्या कडेने मागे जातं. तलाव उतरला की मागचं पाणी कागद फुगवतं, वरचं पिचिंग (उतारावर रचलेले दगड) घसरतं. इथे नको.

आता माळरान दादांचा पाइप. मला भेगांपेक्षा त्याची काळजी जास्त. व्हॉल्व्ह बाहेरच्या टोकाला म्हणजे बांधाच्या पोटातला सगळा पाइप वर्षाचे बारा महिने दाबाखाली. एखादा सांधा सुटला की पाणी थेट भरावात. शिवाय गोल पाइपच्या खालच्या बगलेत रॅमर पोहोचत नाही, तिथे माती पोकळ राहते आणि पाइपच्या बाहेरून पाणी वाट काढतं. तोंडाशी जमीन बारमाही ओली आहे, तीही तुम्ही सांगता त्याच जागी. व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना आणि पूर्ण उघडा असताना त्या ओलीत फरक पडतो का, एवढं आधी बघा. उघडल्यावर ओल कमी झाली तर पाइप फुटलेला आहे. फरक पडला नाही तर पाणी पाइपच्या बाहेरून येतंय.

दोन्ही परिस्थितीत पाइप बाद करायचा. खोदून काढू नका, बांध उघडेल. उन्हाळ्यात पाणी कमी असताना आतलं तोंड बंद करून, बाहेरच्या टोकाने सिमेंटचा पातळ घोळ पंपाने भरा, आतल्या टोकाला हवा जायला नळी वर काढून ठेवा. नळीतून घोळ बाहेर आला की पाइप भरला.

मग बाहेरच्या टोकाभोवती वाळूचा गाळणी-पडदा. पायथ्याच्या अंगाला पाइपभोवती सगळ्या बाजूंनी खोदून, निदान ६० सेंमी जाड वाळू, तिच्यापुढे १५ सेंमी बारीक खडी, पुढे दगड. पाणी यायचं ते येऊ द्यायचं, माती येऊ द्यायची नाही. पूर्वी पाइपला काँक्रीटच्या कॉलर घालायचे, त्यांच्या कोपऱ्यांत ठोकाई होत नाही, म्हणून आता वाळूचा पडदाच चांगला समजतात.

वाळू कुठली? गोदावरीची मिळाली तर सोन्याहून पिवळी, नाहीतर धुतलेली क्रश सँड. दगडाची भुकटी जास्त असेल तर गाळणी दगडासारखी आवळते आणि तिलाच भेग पडते. परीक्षा सोपी आहे: ओली वाळू ग्लासात दाबून ताटात पालथी घाला, मुलं किल्ला करतात तशी. मग ताटात हळूहळू पाणी ओता. ढीग ढासळला तर वाळू चांगली. पाण्यात उभाच राहिला तर परत पाठवा.

गोदाकाठ · १० मे, दुपारी १.३०

भरावकाम यांच्या पोस्टला जोडून: माती पाण्यात विरघळणारी आहे का ते बघा. आपल्याकडे चोपण (सोडियमच्या क्षारांनी बिघडलेल्या जमिनीच्या) पट्ट्यात हा दोष असतो. अशा मातीत पाझराचं छिद्र काही तासांत बोगदा होतं.

बांधाच्या पोटातली, वाटाण्याएवढी ओलसर ढेकळं घ्या, तीन-चार ठिकाणची. काचेच्या ग्लासात बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी, त्यात ढेकूळ अलगद सोडा, हलवू नका. तासाभराने बघा. ढेकूळ नुसतं फुटून तळाशी पसरलं आणि पाणी नितळ राहिलं तर ठीक. भोवती दुधट ढग तरंगून तळावर पसरत गेला तर माती विरघळणारी. बोअरच्या पाण्यात ही परीक्षा करू नका, त्यातले क्षार ढग होऊ देत नाहीत आणि वाईट माती चांगली दिसते.

पाटकरी · १० मे, दुपारी ४.००

पाइप बाद केल्यावर पाणी कमी करायचं साधन लागतं. संकटात तलाव उतरवता आला नाही तर हात बांधलेले. सायफन बसवा. १६० मिमी एचडीपीई पाइप, माथ्यावरून आडवा चर घेऊन, दोन्ही टोकांना व्हॉल्व्ह, सगळ्यांत उंच जागी पाणी भरायला तोटी. माथा पाण्याच्या पातळीपेक्षा चार-पाच मीटरहून जास्त वर नसेल तोवर सायफन नीट ओढतो. चार मीटरच्या फरकाला, साठ मीटर लांबीत, सेकंदाला ४५ लिटरच्या आसपास, म्हणजे दिवसाला ४ हजार घनमीटर. भरल्या तलावात ११-१२ सेंमी रोज.

एवढं हळूच बरं. पाणी झपाट्याने उतरवलं तर काळी माती आत भिजलेलीच राहते, बाहेरून पाण्याचा टेकू जातो, आणि आतला उतार पिचिंगसकट सरकतो. दिवसाला ३० सेंमीच्या पुढे कधी जाऊ नका.

माळरान७२ · १० मे, रात्री ९.३०

सगळ्यांचे आभार. आज गोण्या आणि जाळी काढली. तंबू टेकाडावर हलवायला घेतलेत. व्हॉल्व्ह उघडून चार तास ठेवला, ओलीत फरक नाही.

राहिलेलं: बाहेरच्या उतारावर सुबाभूळ आणि वेडी बाभूळ आहे, दोन-तीन झाडांचे बुंधे वीतभर जाड. दोन बिळं, एकात नारळ जाईल एवढं तोंड. आणि माथ्यावर व्ह्यू पॉइंटसाठी लोखंडी मनोरा व दिव्यांची केबल टाकायचा विचार होता.

काळीकसदार · १० मे, रात्री १०.१५

मनोरा नको. चार पायांचे चार खड्डे म्हणजे चार पाणपोया. केबलचा चर माथ्यावरून सबंध लांबीत घेतला तर मुद्दाम पाडलेली भेगच ती. दोन्ही काठांवर मूळ जमिनीत काय ते उभारा. पर्यटकांना उतारावरून चढू-उतरू देऊ नका, पायवाटेची पावसात घळ होते. काठाला एकच दगडी जिना करा.

झाडं: चार इंचांपर्यंतची बुडातून तोडा, बुंध्याला लगेच औषध लावा, नाहीतर सुबाभूळ दहापट फुटते. वीतभराची मुळं खोल गेलेली असतात. नुसतं झाड तोडलं तर मूळ काही वर्षांनी कुजतं आणि आत पोकळ नळी राहते. ती आता पाणी कमी असताना मुळासकट उपटून, खड्डा तिरक्या भिंतींचा करून थराथराने ठोकून भरा. मिरगानंतर हात लावू नका. उघड्या उतारावर हरळी किंवा मारवेल लावा. वाळा पण चालतो, पण दाट वाढला की बिळं झाकतो.

भरावकाम · १० मे, रात्री १०.५०

नारळाएवढं तोंड म्हणजे घूस किंवा साळिंदर. खेकड्याचं बीळ लहान, पाण्याच्या रेषेलगत. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं तेव्हा खेकड्यांवर बरंच खापर फोडलं गेलं. खेकडे बिचारे भेगा बुजवायची निविदा भरू शकत नाहीत.

बीळ भरायला नऊ भाग चाळलेली माती, एक भाग सिमेंट, पाणी घालून ताकासारखं पातळ. बिळाच्या वरच्या तोंडात उभा पाइप रोवून ओतत राहा, खालच्या तोंडातून दिसेपर्यंत. प्राणी आत नाही याची आधी खात्री करा. तोंडाचा शेवटचा फूटभर कोरडा ठोकून. साळिंदराला हात लावायचा नाही, तो वन्यजीव कायद्यात येतो. झुडपं साफ ठेवली की स्वतःच जातो.

गोदाकाठ · ११ मे, सकाळी ८.१०

कायद्याचं थोडक्यात. धरण सुरक्षा कायदा २०२१ हा १५ मीटरच्या वरच्या धरणांना लागू आहे. १० ते १५ मीटरमध्ये लांबी ५०० मीटर, साठा १० लाख घनमीटर, अशा काही अटींपैकी एखादी बसली तरच. तुमचा ६.५ मीटरचा बांध त्यात येत नाही, म्हणजे त्याची तपासणी करायला कोणी सरकारी माणूस आपणहून येणार नाही. पण नाला तुमच्या सातबाऱ्यातून गेला तरी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे नाले शासनाचे, तेव्हा बांधाची परवानगी कागदावर आहे का ते पाहून घ्या. सांडवा रुंद करताना प्रवाहाची दिशा बदलत असेल तर खालच्या शेतकऱ्यांना आधी दाखवा.

पाटकरी · ११ मे, सकाळी १०.००

पावसातली गस्त. सांडव्याशेजारी दगडात पट्टी रंगवा, शून्य म्हणजे सांडव्याचा तळ, दर १० सेंमीला रेघ, टॉर्चमध्ये दिसेल अशी. साधं पर्जन्यमापक ऑफिसपाशी. एक वही: तारीख, पाऊस, पट्टीवरची पातळी, पाझराची बादली किती सेकंदांत भरली, पाणी नितळ की गढूळ. पाझर नुसता आहे की नाही याला महत्त्व नाही. पाणी त्याच पातळीला असताना बादली ५० ऐवजी ३५ सेकंदांत भरली तर बघायचं. आणि गढूळ झालं तर वही ठेवून फोन उचलायचा.

पट्टीवर ४० सेंमी दिसले की पर्यटक काठावरून हलवा, कर्मचारी रात्रभर जागा. ६० दिसले आणि पाऊस चालूच असला तर खालच्या वस्तीला फोन, जिल्हा आपत्ती कक्ष १०७७. पाणी माथ्याला टेकायची वाट बघायची नाही.

साठ्याला ठेवा: ३०० रिकाम्या गोण्या, २ ब्रास वाळू, २ ब्रास २० मिमी खडी, १ ब्रास दगड, ताडपत्री. पायथ्याला पाणी उकळी फुटल्यासारखं माती उडवत वर यायला लागलं तर त्यावर काळी माती किंवा गोणी दाबायची नाही. वाट बंद केली तर ते शेजारी फुटतं. आधी वाळू १५ सेंमी, मग खडी, मग दगड, भोवती गोण्यांचं कडं. पाणी येतं, माती थांबते. काळी माती आणि ताडपत्री लावायची असेल तर पाण्याच्या आतल्या बाजूला. आणि जेसीबी भिजलेल्या माथ्यावर कधी घालू नका.

हिंगोली-वसमतकडे अधूनमधून भूकंपाचे धक्के बसतात, किल्लारी तर सगळ्यांच्या लक्षात आहे. धक्का जाणवला की रात्र असली तरी माथा आणि पायथा एकदा चालून या.

माळरान७२ · १४ मे, सायंकाळी ६.२०

ढेकळांची परीक्षा केली, चारपैकी तीन नितळ. पाइपच्या वरच्या बाजूची दुधट झाली. उजव्या डोंगराशी आणि पाइपच्या वर अशा दोन भेगा बांध कापणाऱ्या निघाल्या. चुना ओतला होता. पांढरी रेघ दोन्ही ठिकाणी माथ्यापासून ९० सेंमीवर थांबली.

काळीकसदार · १४ मे, सायंकाळी ७.०५

म्हणजे गोण्या असत्या तर पाणी माथ्यापासून ७० सेंमीवर थांबलं असतं, आणि पूर यायच्या आधीच भेगेच्या खालच्या वीतभरात पाणी उभं राहिलं असतं. तेही पाइपच्या वर, जिथे माती विरघळते.

चर १.२ मीटर खोल घ्या. पाइपवरच्या चरात माती तिथली वापरू नका, दुसरीकडची नितळ ठरलेली आणा. दोन्ही एकाच दिवशी उघडू नका, एक ठोकून झाला की दुसरा. ३० मेपर्यंत मुरूम अंथरून झाला पाहिजे. मधे वळवाची सर आली तर चरावर ताडपत्री, आणि पाणी साचलं तर चिखल पूर्ण काढूनच पुढचा थर.